लाल ठिपक्याच्या आदल्या दिवशी

मला फेफरं येतं. बाधा, वारं, अंगात येणं, नाजूक प्रकृती, ही सगळी नावं काशीतल्या आमच्या रामघाटाच्या गल्लीने माझ्यावर वापरून झाली आहेत, म्हणून खरं नाव पहिल्याच ओळीत लिहून टाकते. ज्या बाईला हे दुखणं आहे तिच्या हाती हा कागद पडेल न पडेल, तिच्या घरच्यांनी मात्र वाचावा. वाचताना माझा राग आला तर खुशाल येऊ द्या. मला चार वर्षं येतोय, काही मेले नाही.

आधी एक काम करा. बाई पडली की तिच्या नाकाला जोडा लावू नका. आमच्या घरात सोवळं एवढं कडक की धुतल्या लुगड्याशिवाय चुलीकडे बघायची सोय नाही. पण मी पडले रे पडले की खालच्या दूधवाल्याची चामड्याची वहाण थेट स्वयंपाकघरात यायची आणि माझ्या नाकावर दाबली जायची. तेव्हा कुणाचं सोवळं मोडत नसे. कांदाही नको, दातांत चमचाही नको. माझा एक दात त्या चमच्यापायी गेला. बाईला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवा आणि गप्प बसा. गप्प बसणं आमच्या गल्लीला जमत नाही, तो निराळा आजार.

शिवरात्रीची सकाळ

घरात आम्ही मोजून तिघं. मी, सासूबाई आणि हे. हे वेदशाळेत मुलांना संथा देतात. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, वर गच्ची, गच्चीवर माकडं. कार्तिकात आमची सुमी झाली आणि चौथी झाली.

माघात महाशिवरात्र आली. अंगावर पाजणाऱ्या बाईने कडक उपास करू नये हे सासूबाईंना ठाऊक होतं, त्या तसं म्हणाल्याही. हट्ट माझा. काशीतली शिवरात्र आणि मी गिळत बसू? उपासही केला, जागरणही केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवताना उजव्या हाताला आपोआप झटके बसू लागले, इतकंच मला आठवतं. पुढे डोळे उघडले तेव्हा तोंडाशी वहाण होती आणि अर्धी गल्ली आमच्या जिन्यात उभी होती.

भीती कशाची वाटते म्हणून विचाराल, तर मरणाची नाही वाटत. भान हरपलेलं असताना लुगडं कुठे होतं, ते ओलं झालं होतं का, कोणी कोणी पाहिलं, याची वाटते. शुद्धीवर आले की पहिला हात पदराकडे जायचा. हे कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते.

सासूबाई संकठादेवीच्या देवळात जाऊन विचारून आल्या. तिथल्या पुजाऱ्याने सोळा सोमवार सांगितले, तेही पहाटेच्या खूप आधी उठून गंगास्नान करून आणि दिवसभर काही न खाता. शिवाय दोन्ही एकादश्या जागरणासह. झटके थांबले नाहीत. वाढले.

माझं स्वतःचं शहाणपण

सगळं खापर सासूबाईंच्या माथ्यावर फोडायला मला फार आवडलं असतं. पण मोठी चूक माझी आहे.

माझे वडील पंचांगाचं गणित करत. लहानपणी त्यांच्यासाठी मी कोष्टकं आखायची. आडवे महिने, उभ्या तिथ्या, तीस घरं. शाईची रेघ वाकडी गेली तर टपली बसायची. त्यामुळे काहीही झालं तरी ते तीस घरांत बसवायचं ही माझी खोड. फाल्गुन, चैत्र, वैशाख, ज्येष्ठ असे महिने खाली खाली लिहिले आणि ज्या तिथीला झटका आला त्या घरात ठिपका दिला. झालं! द्वादशीच्या घरांत ठिपक्यांवर ठिपके पडलेले. मला केवढा आनंद झाला! दुखण्याला पकडलं म्हटलं. बाकीचे चार-पाच ठिपके इकडेतिकडे पसरले होते. कुठे तृतीया, कुठे नवमी. ते मी किरकोळ म्हणून सोडून दिले.

मग कागद घेऊन मीच सासूबाईंकडे गेले.

"हे बघा, द्वादशीच माझ्या वाईटावर आहे."

"द्वादशी कशी वाईट असेल?" त्या म्हणाल्या. "आदल्या दिवशीची एकादशी नीट झाली नाही, म्हणून द्वादशीला फळ मिळतं. कुठेतरी चुकतंय तुझं. पुढली निर्जळी कर."

मला पटलं! म्हणजे एकादशीला पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, ही शिक्षा माझ्याच कागदाने मला दिली. माहेरी वडिलांना दाखवलं तर त्यांनी कोष्टकाची आखणी सुबक झाली म्हणून कौतुक केलं.

चूल

आषाढ सुरू झाला होता. बुधवार होता. सकाळी मी चुलीपुढे बसले होते आणि सुमी हाताभर अंतरावर चटईवर बसून वाटी आपटत होती. मी पडले ती डावा हात चुलीत घालून. दुधाचं पातेलं उलटलं. उकळतं दूध चटईच्या कडेपर्यंत गेलं आणि तिथे थांबलं. का थांबलं, फरशीला उतार होता की देव होता, कोण जाणे. सुमीला एक थेंब लागला नाही.

सासूबाईंनी तिला उचललं. मला दिसत होतं, बोलता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "ही पोर आता तुझ्या हाती द्यायची नाही. दुष्ट म्हण मला, काय वाटेल ते म्हण. नाही द्यायची."

मी त्यांना मनातल्या मनात म्हणायचं ते सगळं म्हटलं. पण खरं सांगू? त्या वेळी त्यांच्या जागी मी असते तर मीही दिली नसती.

दवाखाना

हात पिकला, ताप चढला, तेव्हा कुठे मला बायकांच्या दवाखान्यात नेलं. गोऱ्या मडमेचा दवाखाना म्हणून घरात आधी दोन दिवस विटाळाची चर्चा झाली. मडम हिंदी बोलायची ती आपल्याला दरडावते आहे असंच वाटायचं.

"पिछला फिट कब आया?"

"आषाढ शुद्ध तृतीया."

"हमको तारीख बोलो."

"तारीख नाही मालूम. उसके पहिले ज्येष्ठ वद्य द्वादशी."

मडमेने लेखणी खाली ठेवली. "चाँद का बात छोड़ो. चाँद को फिट नहीं आता, तुमको आता है."

मग तिने माझे डोळे पाहिले, चावलेली जीभ पाहिली आणि सांगून टाकलं, "ये मिरगी है. भूत नहीं, जादू नहीं. दवा रोज पीना, जल्दी अच्छा नहीं होगा." एवढंच. हे पलीकडे उभे होते, त्यांनी मान खाली घातली. मला मात्र हलकं वाटलं. निदान माझ्याकडून काही पाप घडलं होतं असं ती म्हणाली नाही.

दवाखान्याचे दिवस सारखेच. सकाळी हाताची पट्टी सोडायची, तेव्हा मी ओरडायची. मग खारट औषध. दुपारी हे डबा घेऊन यायचे, कारण तिथलं अन्न मला चालणार नव्हतं. दिवेलागणीला सगळ्या बायकांना निजवायचे. निजवायचे म्हणजे निजवायचेच! दाई खाटेखाटेवरून फिरून दटावायची. सुमीला कुणी आणलं नाही. पहिले आठ दिवस दूध दाटून पदर भिजायचा. मग दूध आटलं. त्याच्याबद्दल मला याहून जास्त लिहवत नाही.

माझ्या खाटेच्या पायथ्याशी तापाचा कागद टांगलेला होता. दाई सकाळ-संध्याकाळ त्यावर एक ठिपका द्यायची आणि तो मागच्या ठिपक्याला रेघेने जोडायची. कागद आडवा पुढे पुढे जायचा. मडम आली की आजचा ठिपका बघून थांबत नसे. बोट मागे न्यायची. "यहाँ बुखार चढ़ा. उसके पहले दिन क्या हुआ? पट्टी किसने बाँधा?" तिला आज कोणता वार, कोणती तिथी याच्याशी काही कर्तव्य नव्हतं. आधी काय झालं हे तिला हवं होतं.

माझ्या कोष्टकात नेमकं तेच हरवलं होतं. महिने एकाखाली एक लिहिले की सगळ्या द्वादश्या एका ओळीत येतात खऱ्या, पण सोमवार तिथ्यांबरोबर चालत नाहीत, ते विखरून जातात. मी किरकोळ म्हणून सोडलेले ठिपके आठवून पाहिले. सगळे मंगळवारचे! सोमवारच्या उपासाच्या दुसऱ्या दिवसाचे! खाटेवर पडल्या पडल्या मी स्वतःला अशा शिव्या घातल्या की शेजारची बाई दाईला हाक मारू लागली.

आषाढाच्या दोन्ही एकादश्या दवाखान्यात गेल्या. मी दूधभात खाल्ला आणि झोपले. दोन्ही द्वादश्या आल्या नि गेल्या. झटका नाही.

परत घरी

झटके औषधाने थांबले असतील, असं मलाही वाटलं. खोटं कशाला सांगू? पण घरी आले तो श्रावण लागला. सासूबाईंनी दवाखान्यात बुडालेल्या एकादश्या भरून काढायला श्रावणातली पहिली निर्जळी आणि जागरण करायला लावलं. मी "नको" म्हटलं तर म्हणाल्या, "पोर हवी ना हातात? मग बरी हो आधी." औषध चालूच होतं. द्वादशीला सकाळी मी जिन्यात पडले.

त्यानंतर सुमी दुसऱ्या खोलीत गेली. मधल्या दाराला कडी. मी दाराशी बसले की हे म्हणायचे, "जरा सबुरीने घे."

"तुम्ही घ्या सबुरी. तुमच्या मांडीवर बसते ती."

दवाखान्यातून येताना दाईकडून मी जुने तापाचे कागद मागून आणले होते. पाठकोरे. तिला वाटलं, चूल पेटवायला हवे असतील. खळ करून ते एकापुढे एक चिकटवले. एक दिवस म्हणजे एक बोट. शिवरात्रीपासून श्रावणापर्यंत पट्टी केली, ती भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरली. मधोमध एक रेघ. झटका आला की रेघेच्या वर कुंकवाचा ठिपका. उपास असला की रेघेखाली काजळाचा ठिपका आणि झोप मोडलेली असली की काजळाची उभी रेघ.

झटके माझ्या कागदावर होते. पण कोणते उपास, कोणती जागरणं, कोणत्या सोमवारी किती वाजता उठवलं, हे मला थोडंच आठवणार? ते घरात एकाच माणसाला आठवत होतं. काय करणार! गेले.

"सासूबाई, उद्यापन करायचं तर काय काय झालं त्याची यादी हवी. तुम्ही सांगा, मी लिहिते."

बाई खुलल्या. वाती वळता वळता त्यांनी पाच महिने घडाघडा सांगितले. एक दिवस चुकला नाही. "वैशाख शुद्ध एकादशी. त्या दिवशी तू तिसऱ्या प्रहरी पाणी मागितलंस. मी दिलं नाही. लिही."

"लिहिलं," मी म्हटलं. आणि ठिपका बरोबर जागी दिला.

पट्टी

दुपारी हे वेदशाळेतून आल्यावर मी दोघांपुढे पट्टी पसरली. समजावून सांगायला फारसं लागलं नाही. लहान मुलालाही दिसलं असतं. काळा ठिपका, काळी रेघ, आणि पुढच्या बोटावर लाल. पुन्हा काळं, पुन्हा लाल. जिथे दवाखान्याचे दिवस होते तिथे काळं नाही आणि लालही नाही.

हे पट्टीवर वाकले. मग म्हणाले, "पण म्हणजे एकादशी सोडायची? काशीत राहून?"

"का? काशीत फेफरं आलेलं चालतं?"

सासूबाईंना लिहितावाचता येत नाही. पण रांगोळीचे ठिपके जन्मभर मोजलेल्या बाईला ती पट्टी वाचायला कितीसा वेळ लागणार? कुंकू दुखण्याला वापरलं म्हणून त्या आधी कुरकुरल्या. मग बोट ठेवून शिवरात्रीपासून पुढे पुढे सरकत गेल्या. आषाढावर बोट थांबलं.

"चुलीवर पडलीस तो कुठाय?"

मी पट्टीची कड सरळ करू लागले.

"बुधवार होता. आषाढ शुद्ध तृतीया. इथे हवा. कुठाय?"

"राहिला."

"राहिला? पोर भाजता भाजता वाचली तो राहिला?"

मी तो मुद्दाम गाळला होता. आता लपवून काय करू? त्याच्या आदल्या दिवशी उपास नव्हता. तो ठिपका मांडला असता तर सासूबाई म्हणाल्या असत्या, बघ, उपासाचा काही संबंध नाही. मला माझी मुलगी परत हवी होती. त्यासाठी मी एक ठिपका खाल्ला.

"त्याच्या आदल्या दिवशी तू जेवली होतीस," सासूबाई म्हणाल्या. "पण झोपली नव्हतीस. पोरीला दात येत होते. रात्रभर तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होतीस. मला ऐकू येत होतं."

"ऐकू येत होतं?"

"हो."

"मग उठला का नाहीत?"

यांनी "अगं" म्हणून मला अडवायला हात पुढे केला. सासूबाईंनी त्यांना हातानेच थांबवलं.

"तुझी पोर, तू बघ, म्हटलं," त्या म्हणाल्या. "आम्हीही असंच केलं. आमच्या वेळी कोण उठलं होतं?"

त्यांचा इतका राग मला आधी कधी आला नव्हता. चूल, वहाण, पाणी, कडी, सगळं एका बाजूला. त्या एक रात्र उठल्या असत्या तर माझा हात शाबूत राहिला असता. मी तसं तोंडावर बोलले. अजून बरंच बोलले, ते इथे लिहीत नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. मग काजळात बोट बुडवून आषाढातल्या त्या दिवसाखाली स्वतः उभी रेघ ओढली. कुंकवाची वाटी माझ्याकडे सरकवली.

"घाल तुझा ठिपका."

मी घातला. आता एकही ठिपका एकटा उरला नव्हता. आणि तो कागद काय सांगतो ते मला तेव्हाच नीट दिसलं. ते लपवण्यासाठीच बहुधा मी तो ठिपका गाळला असेल. उपास सोडता येतात. पण लहान मूल रात्री उठणारच, आणि जी त्याच्यासाठी उठेल ती मी असून चालणार नव्हतं.

"एकादशीला तू जेव," सासूबाई म्हणाल्या. "तुझी मी करीन."

"तुमची स्वतःची असते की."

"एका पोटात दोन मावतात. शास्त्र तू मला नको शिकवू." मग दाराची कडी काढता काढता त्यांनी उरलेलं सांगितलं. "दिवसा पोर तुझी. रात्री माझी. चुलीपाशी मी बसेन."

मला भांडायचं होतं. रात्रही माझीच आहे, ती माझ्या पोटची आहे, असं ओरडायचं होतं. पण भांडणार कुणाशी? कागद मीच केला होता.

आत्ता

याला चार वर्षं होऊन गेली. झटके गेले नाहीत, फार कमी झाले. आला की पट्टीवर मांडते. दर वेळी मागे बोट नेलं की मोडलेली झोप सापडते. औषध चालू आहे. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी एवढं करा. कोणत्या दिवशी पडलं हे लिहाच, पण आदल्या दिवशी काय झालं ते आधी लिहा. आणि एकही दिवस गाळू नका, मग तो कितीही नकोसा असो.

सासूबाईंचं नि माझं गोड झालं असं कुणी समजू नये. एकादशीला त्या उपाशीपोटी माझ्या ताटासमोर बसतात आणि म्हणतात, "जेव, जेव, माझ्या जिवावर जेव." मी जेवते. जळफळाट व्हावा म्हणून दुसऱ्यांदा भात मागून घेते. त्या वाढतात.

रात्री मी कानात कापूस घालून झोपते. गेल्या महिन्यात सुमीला गोवर निघाला. रात्री ती किती रडली ते मला सकाळी कळलं, शेजारीण म्हणाली म्हणून. मी सुमीपाशी गेले, कपाळावर हात ठेवला आणि विचारलं, "रात्री फार दुखलं का गं?"

"हो," ती म्हणाली. "पण मी तुला हाक नाही मारली. आजीला मारली. तू पडशील ना."

अजून पाच वर्षांचीही झालेली नाही ती.